दुसरं कामाडो ग्रिल किती मोठं घ्यायचं? आमच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

दुसरं कामाडो, म्हणजे जाड सिरॅमिक कवचाचं आणि घुमटासारख्या झाकणाचं कोळशाचं ग्रिल घ्यायचं, हे आज जेवणानंतर पक्कं झालं. केवढं घ्यायचं यावर मात्र घरात पाच माणसांची पाच मतं आहेत. म्हणून आजपासून सगळं लिहून ठेवते. पहिलं ग्रिल घेताना मी काहीच लिहिलं नव्हतं, आणि तेव्हा नक्की कशासाठी तेच माप घेतलं, हे आता कोणालाच आठवत नाही.

आजचा प्रसंग असा. अख्खी कोंबडी १३० अंशांवर धुरात अडीच तास होती. सासूबाई आणि थोरली शाकाहारी. त्यांच्यासाठी मका, ढोबळी मिरची, मशरूम आणि रताळी होती, आणि त्यांना २३० अंशांचा सणसणीत ताव हवा. एकाच ग्रिलमध्ये एका वेळी दोन तापमानं ठेवता येत नाहीत. कोंबडी निघाल्यावर हवेचे झरोके उघडले, ताव चढवला, आडथाळी जाड हातमोज्यांनी बाहेर काढली, जाळी घासली. भाज्या ताटात पडल्या तेव्हा कोंबडी खाणाऱ्यांची जेवणं उरकली होती. आई शांतपणे थांबल्या होत्या. मला मात्र ते अजिबात आवडलं नाही.

(आडथाळी हा आमच्या घरातला शब्द. निखारे आणि जाळी यांच्यामध्ये सिरॅमिकची जी जाड थाळी ठेवतात, ती. ती असली की आच सरळ वर येत नाही, कडेने फिरून घुमटातून खाली येते आणि ग्रिलचा ओव्हन होतो.)

६ ऑक्टोबर

नवऱ्याचं म्हणणं, घ्यायचंच तर २४ इंची घेऊ, म्हणजे पाहुणे आले तरी प्रश्न नाही. धाकट्याला सगळ्यात लहान हवं आहे, कारण ते गाडीत घालून नेता येईल. मी आज फक्त मापं काढली.

नावांवरून काहीच कळत नाही. ‘बिग ग्रीन एग’ या कंपनीचं ‘लार्ज’ म्हणजे सव्वाअठरा इंची जाळी. जवळजवळ त्याच मापाला ‘कामाडो जो’ ही दुसरी कंपनी ‘क्लासिक’ म्हणते. १३ इंचाच्या आसपास एकाकडे ‘स्मॉल’ आणि ‘मिनीमॅक्स’ आहेत, दुसऱ्याकडे ‘ज्युनियर’. त्यात स्मॉल आणि मिनीमॅक्सची जाळी सारखीच, पण मिनीमॅक्स बुटकं. म्हणून यापुढे या वहीत नावं लिहायची नाहीत, जाळीचा व्यास लिहायचा.

व्यासही फसवतो, कारण अन्न व्यासावर नाही, क्षेत्रफळावर मांडतात. १० इंची जाळी ७९ चौरस इंच, १३ इंची १३३, १५ इंची १७७, १८ इंची २५४ आणि २४ इंची ४५२. १३ आणि १८ मध्ये पाचच इंचांचा फरक दिसतो, पण १३ इंची म्हणजे १८ इंचीचं निम्मं. आणि २४ इंची म्हणजे आमच्या आत्ताच्या १८ इंचीच्या पावणेदोन पट. हे आकडे जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवले तेव्हा नवरा थोडा वेळ गप्प झाला. नंतर म्हणाला, “पावणेदोन पट म्हणजे चांगलंच की!”

८ ऑक्टोबर

आज जुन्या कॅलेंडरवर केलेल्या खुणा आणि फोनमधले फोटो काढून बसले. गेल्या बारा वेळांचा हिशेब जमला.

जाळीवर जागा अपुरी पडली: दोनदा. दोन्ही वेळा दहापेक्षा जास्त माणसं होती.
एकाच वेळी दोन वेगळी तापमानं हवी होती: सात वेळा.
मांसाहारी झाल्यावर जाळी घासून शाकाहारी केलं, किंवा शाकाहारी आधी उरकून ते गार होऊ दिलं: नऊ वेळा.

म्हणजे पाहुण्यांची गर्दी ही आमची खरी अडचण नाहीच. आमचं घर पाच माणसांचं आहे, आणि या पाच माणसांना एकाच वेळी, आपापलं, गरम जेवायला मिळत नाही. दुसरं ग्रिल घ्यायचं ते यासाठी. मग ‘किती माणसांसाठी’ हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि विचारायचं ते एवढंच: पहिलं ग्रिल अडलेलं असताना दुसऱ्यावर काय काय व्हायला हवं?

याचं उत्तर आईंनी दिलं. “आम्हा दोघींच्या भाज्या, आणि सगळ्यांचे पाव.” पावाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाव पाचही जण खातात, आणि ते कोंबडीच्या जाळीवर भाजलेले आईंना चालत नाहीत. सिरॅमिक आतून सच्छिद्र असतं. चरबीचा धूर त्यात मुरतो, कितीही घासलं तरी वास राहतो. म्हणजे नवं ग्रिल पूर्णपणे शाकाहारी राहणार.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज एक गोष्ट मोजून बघितली. ग्रिल ३०० अंशांपर्यंत चढवलं आणि दोन्ही झरोके जवळजवळ बंद केले. १५० वर यायला सव्वा तास लागला. चढायला यापेक्षा बराच कमी वेळ लागला होता.

आमचं १८ इंची धूड ७३ किलोचं आहे, आणि त्यातलं बहुतेक वजन सिरॅमिकचंच. एकदा कवचात उष्णता शिरली की ती सहज बाहेर पडत नाही. म्हणून तर ते १२० अंशांवर रात्रभर निवांत राहतं, आणि म्हणूनच चुकून २०० वर गेलं तर संध्याकाळ हातची जाते. वर चढायचं ते हळूहळू, झरोके आधीपासून आवळत, हे कामाडोवर काम करणारा पहिल्याच महिन्यात शिकतो. जपानी भाषेत ‘कामाडो’ म्हणजे चूल. मातीच्या चुलीचा गुणही हाच: तापली की तापलेली राहते.

आधी जास्त तावाचं आणि मग कमी तावाचं असा क्रम लावून वेळ वाचवायचा, ही माझी जुनी कल्पना आज कायमची खोडली.

१४ ऑक्टोबर

दुसरं ग्रिल न घेता दोन मजली जाळी लावली तर? बहिणीने सुचवलं. जागा वाढते, हे खरं. पण वरच्या मजल्यावरची चरबी खाली ठिबकणार, आणि भाज्या वर ठेवल्या तरी दोन्हीला धूर तोच, तापमानही जवळपास तेच. आमच्या नऊ वेळांपैकी एकीचंही काम यातून होत नाही. हा विषय इथेच संपला.

२० ऑक्टोबर, रविवार

आज खरा प्रयोग. जाड तारेचं १३ इंची कडं वळवलं, ते आमच्या १८ इंची जाळीवर मधोमध ठेवलं, आणि आजचं शाकाहारी जेवण फक्त कड्याच्या आतच करायचं असं ठरवलं. निखाऱ्यांची खोली आणि घुमटाची उंची लहान ग्रिलमध्ये वेगळी असणार, त्यामुळे ताव कसा लागेल ते यातून कळणार नाही. पण जागेचा अंदाज येतो.

दोघींसाठी भाज्या आरामात मावल्या. दोन कणसं, दोन ढोबळ्या मिरच्यांच्या फोडी, मशरूम, वर एक रताळं. मी खूश होते. धाकटा तर जास्तच. मग थोरलीने आपली मैत्रीण आल्याची आठवण करून दिली आणि तिसरी थाळी लागली. ती दुसऱ्या खेपेत करावी लागली. दुसरी खेप म्हणजे बारा मिनिटं, एवढंच. चालण्यासारखं आहे.

पावांची चाचणी राहिली.

२७ ऑक्टोबर, रविवार

पावांसाठी आडथाळी लागते, आणि आडथाळी लावली की सगळी जाळी वापरता येत नाही. हे ऐकून माहीत होतं, आज डोळ्यांनी बघितलं. पावाचे स्वस्तातले काप जाळीभर एकाला एक लावून पसरले, २०० अंशांवर दहा मिनिटं ठेवले आणि फोटो काढला. मधले सगळे काप एकसारखे सोनेरी. कडेचे, जिथून आडथाळीच्या बाहेरून आच वर येते तिथले, काळे. काळा पट्टा चहूबाजूंनी साधारण सव्वा इंचाचा. मागच्या बाजूला, बिजागरीकडे, किंचित जास्त. ज्यांच्याकडे कामाडो आहे त्यांनी ही चाचणी एकदा जरूर करावी. आपल्या ग्रिलचा नकाशाच हाती येतो.

म्हणजे आडथाळी लावल्यावर १८ इंची जाळी प्रत्यक्षात साडेपंधरा इंची उरते. लहान ग्रिलमध्ये ही कड थोडी अरुंद असेलही, पण सावधपणे तेवढीच धरली तर १५ इंचीची साडेबारा उरते आणि १३ इंचीची साडेदहा.

आता पाव. आमचे गोल पाव फुगल्यावर तीन इंचांचे होतात. पुठ्ठ्याच्या तीन इंची चकत्या कापल्या आणि धाकट्याला कामाला लावलं. साडेदहा इंचाच्या वर्तुळात त्याने कितीही सरकवल्या तरी आठच बसल्या. साडेबारा इंचात बारा. पाच माणसांना आम्हाला दहा ते बारा लागतात. शेवटच्या चकत्या मांडताना धाकट्याचा चेहरा उतरला होता. लहान ग्रिल त्याच्याच हातांनी बाद होत होतं. तरीही त्याने बारावी चकती नीट बसवली आणि “बारा” असं मोठ्याने सांगितलं.

भाज्यांची दुसरी खेप बारा मिनिटांची असते. पावांची दुसरी खेप म्हणजे पंचवीस मिनिटं, आणि तोवर फुगून तयार झालेली कणीक बसते. त्यामुळे इथे खेपा करणं परवडत नाही.

२९ ऑक्टोबर

कोळशाचा हिशेब, कारण नवऱ्याने विचारलं. मोठं ग्रिल खरंच किती जास्त कोळसा खातं?

एक किलो सिरॅमिक एक अंशाने तापवायला साधारण ०.९ किलोज्यूल लागतात. चांगल्या लाकडी कोळशाच्या एका किलोतून ३० मेगाज्यूलच्या आसपास उष्णता मिळते. कवच आतून खूप तापतं, बाहेरून कमी. सरासरी १०० अंश धरली. मग १०० किलोचं २४ इंची ग्रिल नुसतं तापायला ३०० ग्रॅम कोळसा, आमचं ७३ किलोचं सव्वादोनशे ग्रॅम, आणि ५२ किलोचं १५ इंची दीडशे ग्रॅम. झरोक्यातून निघून जाणारी उष्णता वेगळी.

मला वाटलं होतं त्यापेक्षा फरक कमी निघाला. शिवाय झरोके बंद केले की निखारे हवेविना विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी चालतो, तेव्हा भरला तितका सगळा जळत नाही. त्यामुळे कोळशाच्या कारणाने २४ इंची बाद करणं प्रामाणिक ठरणार नाही. ते बाद होतं ते वेळेमुळे. दोन कणसांसाठी १०० किलोचं कवच तापण्याची वाट बघत कोणी उभं राहणार नाही. तिसऱ्या आठवड्यात आई म्हणतील, “राहू दे, गॅसवरच करते.”

३ नोव्हेंबर, रविवार

आज आईंना पहिल्या ग्रिलसमोर उभं केलं आणि सगळं त्यांच्या हातून करवून घेतलं. ही नोंद मी आधीच करायला हवी होती, कारण नव्या ग्रिलवर सगळ्यात जास्त त्याच उभ्या राहणार आहेत.

झाकण जड आहे. स्प्रिंगची बिजागरी मदत करते, पण सुरुवातीचा झटका खांद्याला बसतो. आमच्या स्टँडवर जाळी आईंच्या कोपराच्या वर येते, म्हणजे उलथणं धरलेला हात आचेवरून जातो. जाळी कोपराच्या चार बोटं खाली हवी. जमिनीपासून त्यांच्या कोपरापर्यंत मोजलं, त्यातून चार बोटं वजा केली, आणि हे माप वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवलं. टेबल त्यावरूनच बनणार.

मग झाकण उघडण्याची सवय. बंद ग्रिलमध्ये हवा कमी असते, निखारे मात्र तापलेले असतात. झाकण एकदम उघडलं की हवा आत घुसते आणि ज्वाळेचा भपका तोंडाकडे येतो. आधी दोन बोटं उचलायचं, तीन-चार श्वास थांबायचं, मग पूर्ण उघडायचं. आईंनी पहिल्याच वेळी नीट केलं. “दुधाचं झाकण काढताना वाफेला वाट देतो, तसंच ना?” म्हणाल्या. मी दहा मिनिटं समजावून सांगायची तयारी करून आले होते, तिची गरजच पडली नाही.

१३ इंची बुटकं ग्रिल टेबलावर ठेवलं तर उंची जमेल, पण ते जमिनीवरून उचलून ठेवणं-काढणं ३५ किलोचं काम आहे. ‘उचलून नेता येतं’ असं म्हणतात ते दोन धट्ट्याकट्ट्या माणसांनी.

१० नोव्हेंबर, रविवार

शेवटची बैठक. दोन आक्षेप उरले होते, दोन्ही दखल घेण्यासारखे.

पहिला थोरलीचा. १८ इंचीच दुसरं का नको? जाळ्या, आडथाळी, दगड, सगळं एकमेकांना चालेल. १५ इंची हे मधलंच माप, त्याचं सामान कमी मिळतं. बरोबर आहे. १८ इंचीसाठी अर्ध्या जाळ्या, खालीवर करायचे मजले, फिरता गज, काय काय निघतं. १५ साठी त्यातलं थोडंच. म्हणून आम्हाला लागणाऱ्याच वस्तू लिहिल्या: आडथाळी, भाजायचा गोल दगड, एक जास्तीची जाळी, राख ओढायचं फावडं. चारही मिळतात. आणि एकमेकांना चालणारं सामान आम्हाला मुळात नकोच आहे. कोंबडीची जाळी घाईघाईत शाकाहारी ग्रिलवर जायचा धोका त्यातूनच येतो. मापं वेगळी असली तर तशी चूक होणारच नाही. हे कारण थोरलीनेच शोधलं, आणि आपला आक्षेप मागे घेतला.

दुसरा नवऱ्याचा. पाहुणे. वर्षातून चार-पाच वेळा पंधरा माणसं येतात. १८ आणि १५ मिळून ४३१ चौरस इंच होतात, एकट्या २४ इंचीपेक्षा एकवीसच कमी, आणि दोन तापमानं वर. त्याने आकडे स्वतः पुन्हा मांडून बघितले. मग “ठीक आहे” म्हणाला, आणि ते मनापासून होतं.

१५ इंची. आजच मागवलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आलं. खोकं उघडल्याबरोबर उभ्या उभ्या तपासलं: कवचावर तडा नाही, आतल्या कुंडाला नाही, आडथाळीला नाही. झिलईवर केसासारख्या बारीक रेषा आहेत, त्या तड्याच्या नव्हेत; बोट फिरवलं तर नखाला लागत नाहीत. दोन्ही लोखंडी पट्ट्यांचे बोल्ट घट्ट केले. झाकण आणि बूड मिटल्यावर मध्ये कागदाचा तुकडा धरून ओढला, चहूबाजूंनी अडकतो. म्हणजे फेल्टची पट्टी नीट बसली आहे.

उघड्यावरच ठेवलं. पाऊस असला तरी कोळशाचं ग्रिल बंद पडवीत किंवा गॅरेजमध्ये घ्यायचं नाही, हे मुलांना पुन्हा सांगितलं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. टेबल लाकडी आहे, म्हणून बुडाखाली फरशी आणि फरशीवर सिरॅमिकचे पाय, मध्ये हवा खेळती. दोन्ही ग्रिलच्या मध्ये एक माणूस वळेल एवढी जागा, आणि मागे झाकण पूर्ण कलेल एवढी.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहिली आग मुद्दाम मंद. १५० च्या वर जाऊ दिलं नाही. फेल्टचा गोंद आणि सिरॅमिकमधला ओलावा, दोन्हीला वेळ द्यायचा. पेटवायला मेणाचा तुकडा. पेटवायचं तेल कधीच नाही, ते सिरॅमिकमध्ये मुरतं आणि महिनाभर प्रत्येक घासाला त्याचा वास येतो.

एक गोष्ट लगेच जाणवली. हे ग्रिल हाताला पटकन उत्तर देतं. खालचा झरोका अर्धा बोट हलवला की काही मिनिटांत काटा हलतो. मोठ्यावर तेवढ्यासाठी पंधरा मिनिटं थांबायची सवय झाली आहे. आईंना हे सोपं जाईल, मला मात्र नव्याने शिकावं लागेल. झाकणावरच्या थर्मामीटरची सुईही आत खोल येते. उंच पाव त्याला टेकेल. पाव मधोमध ठेवायचे नाहीत, किंवा सुई थोडी बाहेर ओढायची.

गार झाल्यावर पट्ट्यांचे बोल्ट पुन्हा बघितले. खालचा एक पाव फेरा सैल झाला होता.

२४ नोव्हेंबर

नव्या ग्रिलवरही पावाच्या कापांची चाचणी. काळा पट्टा एक इंचाहून किंचित कमी. म्हणजे तेरा इंचांहून जास्त जागा मिळते. बारा पाव सुटसुटीत बसतील.

१ डिसेंबर, रविवार

दोन्ही एकत्र पेटवली. मोठ्यावर कोंबडी, साडेदहाला, १३० अंश. धाकट्या ग्रिलवर साडेअकराला आईंनी पाव लावले, २१० अंश, बारा. मी त्यांच्या कामात हात घातला नाही. पावांनंतर त्यांनी आडथाळी काढून दगडावर ठेवली, झरोके मोकळे केले, आणि निखारे लालभडक झाल्यावर भाज्या टाकल्या. कोंबडीच्या मांडीत सुई खुपसली तेव्हा ७६ अंश, ७४ पुरतात. ती विसावायला ठेवली तेवढ्यात मका झाला.

सव्वाएकला पाच जण बसलो. पहिला पाव आईंनी फोडला, त्यातून वाफ येत होती.

पुढच्या वेळेसाठी: मागच्या ओळीतले तीन पाव खालून जास्त लाल झाले, तर बिजागरीकडची बाजू अर्ध्या वेळात फिरवायची. लहानात अर्धं कुंड कोळसा उरला आहे, मोठ्यात एक तृतीयांश. धाकट्याने राख काढली. खालचा बोल्ट अजून एकदा बघायचा आहे.